तक्रार करा, तोंड सोडू नका

वायरलेस इअरफोन आठ दिवस उशिरा आले म्हणून काय बिघडलं, असं विचारणाऱ्यानं बहुतेक वेळा पंधरा-सोळा हजारांच्या पगारातून दोन हजार बाजूला काढून ते मागवलेले नसतात. ज्यानं तसे पैसे काढलेले असतात, त्याच्यासाठी ॲपवर दिसणारी तारीख हा दिलेला शब्द असतो. पैसे आधी घेतले, तारीख त्यांनीच सांगितली आणि त्या दिवशी दार वाजलंच नाही. दुसऱ्या दिवशी ॲपवर ओळ येते, 'उद्यापर्यंत पोहोचेल'. तिसऱ्या दिवशी पुन्हा तीच. चौथ्या दिवशी आपण कस्टमर केअरला फोन लावतो, पाच-सात मिनिटं तेच ते संगीत ऐकतो आणि शेवटी पलीकडून एखादी मुलगी 'मी आपली काय मदत करू शकते?' असं विचारते, तेव्हा तिच्यावर तुटून पडतो.

राग खरा आहे, त्यावर माझा आक्षेप नाही. तो राग जाऊन कुणावर पडतो, हा माझा प्रश्न आहे. माझ्या आजूबाजूची, माझ्याहून दहा वर्षांनी लहान मुलंमुली मला दोनच प्रकारे वागताना दिसतात. एक तर शिवीगाळ, नाहीतर 'जाऊ दे यार, कोण नादी लागणार'. दोन्हींत कंपनीचं काहीच जात नाही. शांतपणे, लेखी आणि हक्कानं मागणं ही तिसरी रीत आहे. ती आपल्याला ना घरात शिकवली गेली, ना कॉलेजात. म्हणून हा लेख.

उशीर आणि लपवाछपवी

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो, त्यामुळे 'उशीर' या शब्दाशी माझी रोजची ओळख आहे. कुठल्याही वस्तूला उशीर होऊ शकतो, आणि इअरफोनच्या बाबतीत तर त्याचं एक जगजाहीर उदाहरण आहे.

७ सप्टेंबर २०१६ रोजी ॲपलनं आयफोन ७ आणला आणि त्यातलं इअरफोन खोचायचं गोल भोक काढून टाकलं. त्याच दिवशी एअरपॉड्स हे बिनवायरचे इअरफोन जाहीर केले आणि ते ऑक्टोबरच्या अखेरीस मिळतील असं सांगितलं. ऑक्टोबर संपत आला तेव्हा कंपनीनं जाहीर केलं, की अजून थोडा वेळ हवा आहे. प्रत्यक्ष नोंदणी सुरू झाली १३ डिसेंबरला, आणि काही तासांतच नव्या ग्राहकांना आठवडेच्या आठवडे थांबावं लागेल असं दिसू लागलं.

यात तांत्रिक अडचण काय असू शकते, हे समजून घेण्यासारखं आहे. गाणी ऐकवणारं नेहमीचं ब्लूटूथ हे फोनकडून एकाच यंत्राकडे आवाज पाठवण्यासाठी बनवलेलं होतं. दोन कानांत दोन सुटी यंत्रं असतील, तर एकानं आवाज घेऊन दुसऱ्याला द्यायचा किंवा दुसऱ्यानं तो परस्पर ऐकायचा, अशी काहीतरी युक्ती करावी लागते. मध्ये माणसाचं डोकं येतं, आणि शरीरातलं पाणी ब्लूटूथच्या लहरी शोषून घेतं. दोन्ही कानांत आवाज अगदी एकाच वेळी पोहोचला नाही, तर ऐकणाऱ्याला लगेच खटकतं. एकाच वेळी अनेक यंत्रांना आवाज पाठवण्याची सोय ब्लूटूथच्या मानकातच असेल, हे जाहीर व्हायला २०२० साल उजाडलं.

त्याआधी जर्मनीतल्या म्युनिकच्या ब्रागी या नव्या कंपनीनं २०१४ मध्ये किकस्टार्टरवर लोकांकडून ३० लाख डॉलरहून अधिक रक्कम आगाऊ जमवली होती, अशाच बिनवायरच्या इअरफोनसाठी. ते लोकांच्या हातात पडायला ठरल्यापेक्षा सुमारे वर्षभर जास्त लागलं.

ही दोन उदाहरणं शेजारी ठेवली की उशिराची प्रतवारी लावता येते. पहिल्यात विक्री सुरू होण्याआधीच 'तयार नाही' असं सांगितलं गेलं. लोक चिडले, पण त्यांचे पैसे अडकले नाहीत. दुसऱ्यात लोकांचे पैसे आधीच गेले होते, त्यामुळे प्रत्येक लांबलेला महिना त्यांना टोचणारच. आणि आपल्याकडे रोज घडतो तो तिसरा प्रकार. वस्तू तयार आहे, गोदामात आहे, पैसे घेतलेले आहेत, पण ती कुठे अडकली ते कुणी सांगत नाही. खरी तक्रार उशिराची नसते, या न सांगण्याची असते. 'ट्रक नाशिकला बंद पडलाय, शनिवारी येईल' एवढं कळलं असतं, तर आपल्यातल्या दहापैकी नऊ जणांनी फोनही केला नसता.

फोन कोण उचलतं?

आता पलीकडच्या माणसाकडे बघू. फोन उचलणाऱ्या मुलीच्या पुढ्यात एक स्क्रीन असते. आपल्याला ॲपवर जे दिसतं, त्याहून फार जास्त तिलाही दिसत नाही. ट्रक तिच्या हातात नाही, गोदाम तिच्या हातात नाही, पैसे परत करण्याची तिची मर्यादाही ठरलेली. वर प्रत्येक फोन किती वेळात संपवायचा याचा हिशोब ठेवला जातो. दिवसभरात साठ-सत्तर चिडलेल्या माणसांशी गोड आवाजात बोलणं हे तिच्या नोकरीतलं काम आहे. अमेरिकेतल्या समाजशास्त्रज्ञ आर्ली हॉकशील्ड यांनी १९८३ मध्ये हवाई सुंदरी आणि कर्जवसुली करणारे यांच्यावर लिहिलेल्या पुस्तकात अशा कामाला 'भावनिक श्रम' हे नाव दिलं. स्वतःच्या भावना दाबून पगारासाठी दुसरीच भावना चेहऱ्यावर आणणं, हेसुद्धा श्रमच आहेत, असं त्यांचं म्हणणं.

शिवीगाळ केल्यानं काम लवकर होतं, हा आपला आणखी एक समज. अनात रफाएली आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा २०१२ मधला अभ्यास याच्या उलट सांगतो. ग्राहक तोंड सोडून बोलला, की ऐकणाऱ्याची लक्षात ठेवण्याची आणि विचार करण्याची ताकद कमी होते. ग्राहकानं नेमकं काय मागितलं, हेच त्याच्या ध्यानात नीट राहत नाही. म्हणजे आपण जितकं ओरडू, तितकं आपलंच काम बिघडण्याची शक्यता वाढते.

दारात येणाऱ्या मुलाचं काय? नीती आयोगाच्या २०२२ च्या अहवालानुसार २०२०-२१ मध्ये देशात अंदाजे ७७ लाख लोक असं ॲपवरचं सुटं काम करत होते, आणि २०२९-३० पर्यंत हा आकडा २ कोटी ३५ लाखांवर जाईल. यातली कितीतरी मुलं आपल्याच गल्लीतली आहेत. मुंब्र्याची आहेत, कोंढव्याची आहेत, मालेगावहून आलेली आहेत. भिवंडीच्या गोदामांत रात्रपाळीला पेट्या उचलणारा तुमचाच एखादा वर्गमित्र असेल. ईदच्या दिवशी तुमच्या घरी शीरखुर्मा प्यायला येणारा मावसभाऊ दुसऱ्या दिवशी कुणाच्या तरी सोसायटीच्या गेटवर पार्सल घेऊन उभा असतो आणि तिथला साहेब त्याला 'अक्कल आहे का' म्हणून विचारत असतो. आपल्या माणसाला कुणी असं बोललं की आपलं रक्त उसळतं. मग तेच वाक्य आपण दुसऱ्याच्या भावाला ऐकवतो तेव्हा काय होतं?

ॲपवर काम करणाऱ्या मुलाला साहेब दिसत नाही, त्याला दिसतात फक्त ग्राहकांनी दिलेले तारे. रेटिंग पडलं की काम कमी मिळतं, आणि 'आयडी ब्लॉक' झाली की त्या दिवसापासून कमाई बंद. दुकानातल्या नोकराला निदान मालकासमोर आपली बाजू मांडता यायची. इथे मालकच भेटत नाही. म्हणून पार्सल कंपनीच्या चुकीनं उशिरा आलं असेल, तर त्या मुलाला एक तारा देणं हा तक्रारीचा मार्ग नाही. तो तर त्याच्या पगारावरचा दंड झाला, आणि चूक त्याची नाहीच.

यंत्रणेला शिवी वाचता येत नाही

माझ्या धंद्यातली एक गोष्ट सांगतो. तुमची तक्रार कंपनीच्या यंत्रणेत गेली की तिचं एक 'तिकीट' बनतं. त्यात ठरावीक रकाने असतात: ऑर्डर क्रमांक, कबूल केलेली तारीख, तक्रारीचा प्रकार, ग्राहकाची मागणी. फोनवर तुम्ही दहा मिनिटं बोललात, त्यातल्या नऊ मिनिटांच्या शिव्यांना कुठलाच रकाना नाही. त्या कुणाच्या तरी मनाला लागतात आणि तिथेच संपतात. वर जातं ते फक्त 'ग्राहक नाराज' एवढंच. आणि जिथे शिवीगाळ झाल्यास फोन तोडण्याची मुभा असते, तिथे तिकीट न बनताच प्रकरण मिटतं. कंपनीला याहून स्वस्त काय असणार?

आम्ही सॉफ्टवेअरमधली चूक, म्हणजे 'बग', कळवतो तेव्हा तीन गोष्टी लिहितो. काय व्हायला हवं होतं, प्रत्यक्षात काय झालं, आणि कुठे, कधी झालं. 'तुमचं ॲप भंगार आहे' असं कुणी लिहिलं, तर दुरुस्ती करणाऱ्याला त्यातून काहीच मिळत नाही. 'पैसे भरल्यावर पावती येत नाही, काल रात्री नऊ वाजता, अमुक फोनवर' असं लिहिलं, तर त्याला सुटका नाही. ते तपासावंच लागतं. ग्राहकाच्या तक्रारीचंही हेच आहे. मुद्देसूद माणूस कंपनीला जास्त जड जातो.

एक स्वतःचा अनुभव. गेल्या वर्षी धाकट्या बहिणीच्या ऑनलाइन मुलाखतीसाठी मी दोन हजारांच्या आतले वायरलेस इअरफोन मागवले होते. कबूल केलेल्या दिवशी ॲपवर आलं, 'डिलिव्हरीचा प्रयत्न केला, ग्राहक उपलब्ध नाही'. अम्मी दिवसभर घरात होती, मीही घरून काम करत होतो. कुणी आलं नव्हतं, फोनही आला नव्हता. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. आमच्या गल्लीतला एक मुलगा हेच काम करतो. तो म्हणाला, "भाई, पार्सल इतकी देतात की दिवस संपतो. 'आज वेळ पुरला नाही' असं बटणच नाही ॲपमध्ये. मग जे बटण आहे ते दाबायचं." मी प्रोग्रॅमर आहे, मला यातली मेख लगेच कळली. खोटं त्या मुलानं सांगितलं असेलही, पण दुसरं उत्तर देण्याची जागाच ज्यांनी ठेवली नाही, त्यांनी ते आधी ठरवून ठेवलं होतं.

मी दोन्ही दिवसांचे स्क्रीनशॉट काढले, फोनच्या कॉल लॉगचा स्क्रीनशॉट जोडला आणि कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला ई-मेल केला. दुसऱ्या दिवशी पोच आली, नवव्या दिवशी पैसे परत आले. इअरफोन मात्र वेळेत आले नाहीत. बहिणीनं शेजारणीचा वायरवाला इअरफोन मागून मुलाखत दिली. सभ्यपणे लिहिलं म्हणून सगळं गोड झालं, असा माझा दावा नाही. पैसे परत मिळाले, खोटी नोंद लेखी खोडून काढता आली, आणि यात कुणा पंधरा हजारांच्या नोकरदाराचा अपमान करावा लागला नाही, एवढंच.

गप्प बसणं म्हणजे अदब नव्हे

हे वाचून कुणी म्हणेल, म्हणजे आता कंपन्यांपुढेही मान खाली घालून बोलायचं? या प्रश्नाला मी हलक्यानं घेत नाही. आपल्यातल्या अनेकांना लहानपणापासून सांगितलेलं असतं, 'बेटा, बाहेर आवाज चढवू नको, आपलं नाव बघूनच लोक मत बनवतात'. सरकारी कचेरी असो, बँक असो की कस्टमर केअर, नाव सांगताना क्षणभर थबकणं कुणाला ठाऊक नाही? त्यातून मग एक सवय जडते. पाचशे रुपये बुडाले तरी चालतील, पण भानगड नको. या गप्प बसण्याला आपण घरात 'शराफत' म्हणतो. ती शराफत नाही, भीती आहे, आणि तिचा फायदा समोरचा पुरेपूर घेतो.

अदब ही ताठ कण्यानं पाळायची गोष्ट आहे. 'साहेब, तुमची तारीख ७ होती, आज १२ आहे, मला पैसे परत हवेत' या वाक्यात अदब आहे आणि दबलेपण जराही नाही. दबलेला माणूस मागणी करत नाही, विनवणी करतो. आणि जो रोज दबून राहतो, तोच एखाद्या दिवशी आपल्याहून दुबळा माणूस समोर सापडला की फुटतो. गप्प बसणं आणि तोंड सोडणं, दोन्ही एकाच झाडाला लागतात.

हदीसमध्ये एक प्रसंग येतो, अनेकांनी ऐकलेला असेल. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी एका माणसाकडून उंट उसना घेतला होता. तो माणूस परतफेड मागायला आला आणि फार कठोर बोलला. आजूबाजूचे लोक त्याच्यावर धावून जाणार, तोच प्रेषितांनी त्यांना अडवलं. ज्याचं येणं आहे त्याला बोलण्याचा हक्क आहे, असं समजावलं आणि त्याच्या उंटाहून चांगला उंट त्याला द्यायला लावला. यातून मी दोन गोष्टी घेतो. एक, येणेकऱ्याच्या आवाजाची पट्टी मोजत बसण्याआधी देणेकऱ्यानं आपलं देणं चुकतं करावं. म्हणून 'ग्राहकांनी सभ्य राहावं' हा उपदेश कंपनीच्या तोंडी शोभत नाही. आणि दोन, तो माणूस ज्याच्याकडे येणं होतं त्याच्याशीच बोलला होता. दारात उभ्या असलेल्या एखाद्या नोकरावर त्यानं राग काढला नव्हता.

भाषेतलीही एक गंमत पाहा. मराठीत न्याय मागण्याचे बरेचसे शब्द अरबी-फारसीतून आलेले आहेत: अर्ज, फिर्याद, दाद, हक्क, वकील, जबाब. 'तक्रार' हा शब्दही अरबी आहे, आणि त्याचा मूळ अर्थ आहे पुन्हा पुन्हा करणं, पुनरावृत्ती. ओरडण्याशी त्याचा संबंधच नाही. तीच गोष्ट, त्याच शांतपणे, तारखेसह, पुन्हा पुन्हा मांडत राहणं, ही तक्रारीची जुनी आणि खरी रीत.

कायदा आपल्या बाजूला काय देतो

ही रीत चालते, कारण तिच्यामागे कायदा उभा आहे. १९८६ चा ग्राहक संरक्षण कायदा जाऊन २०१९ चा नवा कायदा आला आणि तो २० जुलै २०२० पासून लागू झाला. पाठोपाठ त्याच महिन्यात ऑनलाइन खरेदीसाठीचे ई-कॉमर्स नियम आले. त्यातल्या चार गोष्टी पाठ करून ठेवा.

पहिली, प्रत्येक ऑनलाइन विक्री कंपनीनं तक्रार निवारण अधिकारी नेमून त्याचं नाव, हुद्दा आणि संपर्क आपल्या संकेतस्थळावर दाखवायला हवा. बहुधा ते पानाच्या अगदी तळाशी, बारीक अक्षरांत असतं. दुसरी, त्या अधिकाऱ्यानं ४८ तासांत तक्रारीची पोच द्यायची आणि एका महिन्यात तिचं निवारण करायचं. तिसरी, अनेक विक्रेते जिथे माल विकतात अशा बाजार-संकेतस्थळानं प्रत्येक तक्रारीला क्रमांक द्यायचा, म्हणजे ती कुठवर आली ते तुम्हाला पाहता येईल. चौथी आणि सर्वात कामाची, तिथला विक्रेता सांगितलेल्या तारखेनंतर माल आणत असेल, तर तो परत घ्यायला किंवा पैसे परत द्यायला तो नकार देऊ शकत नाही. अपवाद फक्त पूर-भूकंपासारख्या हाताबाहेरच्या कारणांचा.

म्हणून पत्र साधारण असं असावं:

'महोदय, मी ३ तारखेला १,९९९ रुपयांचे वायरलेस इअरफोन मागवले व पूर्ण रक्कम त्याच दिवशी भरली. ऑर्डर क्रमांक व पावती सोबत जोडली आहे. आपण ७ तारखेला माल पोहोचवण्याचे कबूल केले होते. आज १२ तारीख असून माल मिळालेला नाही. ८ व १० तारखेला मी ग्राहक सेवेकडे तक्रार केली, त्यांचे क्रमांक खाली दिले आहेत. आता मला हा माल नको आहे, कृपया पूर्ण रक्कम परत करावी. ई-कॉमर्स नियम, २०२० प्रमाणे या तक्रारीची पोच ४८ तासांत व निवारण एका महिन्यात होणे अपेक्षित आहे. तसे न झाल्यास मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन व जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागेन.'

यात एकही कडू शब्द नाही, आणि पळवाटही नाही. मराठीत लिहा, इंग्रजीत लिहा, चूक-भूल चालते. तारखा आणि रक्कम तेवढी चुकायला नको.

महिना उलटूनही काही झालं नाही, तर १९१५ या क्रमांकावर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे, तिथे मराठीतही बोलता येतं. ती कोर्ट नव्हे, पण कंपनीपर्यंत तक्रार पोहोचवून उत्तर मागते. त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग. तिथे वकील असलाच पाहिजे अशी सक्ती नाही. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला शुल्क नाही. कंपनीचं मुख्यालय बंगळुरूत असलं, तरी तुम्ही जिथे राहता किंवा काम करता तिथल्या आयोगाकडे तक्रार करता येते, आणि ऑनलाइनही दाखल करता येते. मुदत दोन वर्षांची. प्रकरण लांबतं, हेही खरं. दोन हजारांसाठी प्रत्येकानं आयोगापर्यंत जावंच असं मी म्हणणार नाही. पण तिथे जाण्याचा रस्ता तुम्हाला माहीत आहे, हे पत्रातून दिसलं तरी बराच फरक पडतो.

एक सावधगिरी. रागाच्या भरात गूगलवर कस्टमर केअरचा नंबर शोधू नका. तिथे भामट्यांनी पेरलेले खोटे नंबर असतात. 'पैसे परत पाठवतो, फक्त ओटीपी सांगा' म्हणतात आणि खातं रिकामं करतात. नंबर कंपनीच्या ॲपमधूनच घ्यायचा आणि ओटीपी कुणालाही सांगायचा नाही.

कंपनीनंही अदब शिकावी

'आपल्याला झालेल्या गैरसोयीबद्दल आम्ही मनापासून दिलगीर आहोत' हे वाक्य यंत्र सेकंदात शंभर वेळा लिहू शकतं. माझ्यासारखेच लोक ते यंत्रात भरतात, म्हणून त्याची किंमत मला माहीत आहे. कंपनीची खरी नम्रता शब्दांत दिसत नाही. खरी तारीख सांगणं, उशीर झाला तर ग्राहकानं विचारण्याआधी कळवणं, 'आज वेळ पुरला नाही' हे बटण ॲपमध्ये ठेवणं, आणि फोन उचलणाऱ्या मुलीला दोन हजार रुपये परत करण्याचा अधिकार देणं, यात ती दिसते. यातलं काहीच अवघड तंत्रज्ञान नाही. ते होत नाही, कारण आपला राग मधल्यामध्ये जिरतो. ती मुलगी आणि दारातला तो मुलगा कंपनीसाठी ढालीसारखे उभे केलेले आहेत. आपण ढालीवरच घाव घालत राहिलो, तर मागच्या माणसाला काय फरक पडतो?

महाराष्ट्रात ग्राहक चळवळ नवी नाही. मुंबई ग्राहक पंचायत १९७५ पासून काम करते आहे. पण आपल्या मोहल्ल्यांत ही भाषा फारशी ऐकू येत नाही. आपल्याकडच्या अभ्यासिकांत स्पर्धा परीक्षेचे वर्ग चालतात, सीव्ही कसा लिहावा ते शिकवलं जातं. तिथेच महिन्यातली एक संध्याकाळ तक्रार लिहिण्यासाठी का ठेवू नये? प्रत्येकानं आपली एक अडकलेली गोष्ट आणावी. कुणाचे इअरफोन असतील, कुणाचं जास्तीचं वीजबिल, कुणाची रखडलेली शिष्यवृत्ती, कुणाचं रेशनकार्डात चुकलेलं नाव. चौघांनी बसून तारखा लावाव्यात, कागद जोडावेत, पत्र ज्याच्याकडे जायला हवं त्याच्याच नावानं लिहावं, आणि उत्तर आलं नाही तर पुढच्या महिन्यात त्याच पत्राची आठवण पाठवावी. इअरफोनच्या दोन हजारांवर ही सवय लागली, तर उद्या शाळेच्या दाखल्यासाठी किंवा घराच्या कागदासाठी खिडकीपुढे उभं राहताना आवाज चढवावा लागणार नाही आणि कापणारही नाही.